खाली बसवलेली गाडी

९ फेब्रुवारी, सोमवार

नाही म्हणजे नाही. ती गाडी माझ्या रॅम्पवर चढणार नाही. हिला तीनदा सांगितलं. चौथ्यांदा ही म्हणाली, "मी हो म्हणून बसलेय." विषय संपला.

जावयाचा फोन आला तो हिला. माझ्याशी बोलायची सोय मीच ठेवलेली नाही. गाडी डावीकडे ओढते म्हणे. पुढचं सगळं नवं टाकलं तरी ओढतेच. चिमीची नोकरीवर बदली झालीये, तेवीस तारखेपासून रोज साठ किलोमीटर जायचं आणि साठ यायचं, आणि स्वतः चालवत जाणार म्हणते. त्या हाताने! आठ महिन्यांत स्टिअरिंगला बोट लावलेलं नाही तिने.

मी म्हटलं, शहरात काय माझं एकट्याचंच अलाइनमेंटचं दुकान आहे? ही म्हणाली, "चिमीनेच सांगितलंय. बाबांकडेच द्या म्हणाली."

खरंच म्हणाली का, ते दोनदा विचारलं. ही रागावली.

याच गाडीचं पुढचं उजवं टायर गेल्या जूनमध्ये फुटलं आणि गाडी दुभाजकावर गेली. चिमी चालवत होती. उजव्या हाताची दोन हाडं आणि खांदा. त्या दिवशी हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर मी जावयाला जे बोललो ते दोन मजल्यांनी ऐकलं. गाडी जमिनीला टेकवायची हौस कुणाची? त्याची. आखूड स्प्रिंगा टाकून गाडी दोन इंच खाली कुणी बसवली? त्याने. खाली बसवलेल्या गाडीचं चाक वरून आत कलतं. मग टायर आतल्या कडेनेच झिजतं. बाहेरून बघाल तर नवंकोरं, आत तारा निघालेल्या. हे मी आधी सांगितलं नव्हतं? सांगितलं होतं. म्हणून म्हटलं, तू माझ्या पोरीला मारायला निघाला होतास. तोवर त्याला अहो-जाहो करायचो. त्या पायऱ्यांवर तू झालं ते झालंच.

त्याने मान वर केली नाही. तेव्हापासून चिमी या घरात आलेली नाही. आईला फोन करते. मला नाही.

बाबांकडेच द्या म्हणाली.

१० फेब्रुवारी, मंगळवार

आला सकाळी. गाडी इतकी खाली की रॅम्पच्या तोंडाशीच बंपर घासला. फळ्या लावून इंचाइंचाने चढवली. मी चाकाकडे बघत होतो, तो माझ्याकडे बघत नव्हता. "किल्ली आत आहे," म्हणाला. मी "हं" म्हटलं. दोन शहाण्यांचं संभाषण.

जाता जाता दाराशी थांबला. दाराच्या वर ते टायर टांगलंय ना! अपघातानंतर मीच मागून आणलं होतं, फुटलेलं, आतल्या कडेला तारा लोंबणारं. गाडी खाली बसवायची हौस असलेलं कुणी आलं की मी बोट दाखवतो: हे बघा, असं होतं. आठ महिन्यांत शंभरेक लोकांना दाखवलं असेल. त्याने वर पाहिलं, मग निघून गेला. मला बरं वाटलं. लिहायचं तर खरं लिहावं, बरं वाटलं.

आधी गाडी गोदामामागच्या सरळ रस्त्यावर नेली. साठच्या वेगाला हात सोडला, पाच अंक मोजेपर्यंत डावी कड आली. ओढते, आणि चांगलीच ओढते.

रॅम्पवर चारही चाकांना सेन्सर लावले. मागची चाकं ठीक. पुढची दोन्ही पडद्यावर लाल. कॅम्बर, म्हणजे चाकाचं कलणं, डावीकडे उणे शून्य पूर्णांक आठ, उजवीकडे उणे एक पूर्णांक आठ. लाल येणारच. मशीनमध्ये आकडे कंपनीच्या उंचीचे, आणि गाडी दोन इंच खाली. खाली बसवलेल्या गाडीला हिरवा रंग दिसत नाही, हे या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल. पण दोन्ही बाजूंत एक अंशाचा फरक का? अपघात. दुसरं काय! अपघातानंतर गाडी दुरुस्त करणाऱ्या बॉडीवाल्याने काहीतरी वाकडं ठेवलंय.

दोन्ही चाकांची तोंडं समोर सरळ केली, स्टिअरिंग मध्यावर आणलं. परत रस्त्यावर. परत डावीकडे.

दुपारचा डबा तसाच परत आला, म्हणून हिने ऐकवलं.

११ फेब्रुवारी, बुधवार

उंची मोजली. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत, डावी-उजवी. दोन मिलिमीटरचा फरक, म्हणजे काहीच नाही. स्प्रिंगा सारख्या आहेत. चांगल्या कंपनीच्या आहेत, कापलेल्या नाहीत. मला वाटायचं याने स्प्रिंगा कापून घेतल्या असतील. नव्हत्या.

पुढची टायरं डावी उजवीकडे आणि उजवी डावीकडे केली. टायरचा दोष असता तर ओढही बाजू बदलती. बदलली नाही.

ब्रेक धरून ठेवतोय का पाहिलं. चाक हाताने फिरवलं, मोकळं. चाकाला खालून धरणारे लोखंडी हात नवे, शॉकअप नवे, सांधे घट्ट. बॉडीवाल्याने काम चोख केलंय. त्याला शिव्या घालायला जागा शोधत होतो, मिळाली नाही.

स्टिअरिंगची रॅक, म्हणजे चाकं वळवणारा दांडा, तर मीच बदललेली, पावणेदोन वर्षांपूर्वी. तिकडे बघायची गरज नाही.

शेजारचा टायरवाला येऊन उभा राहिला. तीस वर्षं शेजारी आहे, फुकट सल्ल्यांचं दुकान. मी म्हटलं, मशीनच बिघडलंय बहुतेक, किंवा रस्त्यालाच डावीकडे उतार आहे. म्हणाला, "नाचता येईना, अंगण वाकडं!" आणि हसत गेला.

तीस वर्षांत मला हे वाक्य कुणी म्हटलं नव्हतं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

सहा वेळा रस्त्यावर नेली. सहा वेळा डावीकडे.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

ही म्हणाली, चिमीने विचारलं, झाली का गाडी? मी म्हटलं, होतेय म्हणून सांग. ही म्हणाली, "स्वतः सांगा की." फोन माझ्यापुढे धरला. मी हात धुवायला गेलो. हात स्वच्छच होते.

आज कॅम्बरचे बोल्ट घातले. शॉकअपच्या मूळ बोल्टच्या जागी बारीक बोल्ट घालून चाक थोडं कलतं करता येतं, तो उपाय. उजवं जमेल तेवढं बाहेर काढलं, डावं जमेल तेवढं आत ढकललं. पडद्यावर आकडे जवळ आले. मला वाटलं, जिंकलो!

सीटवर वजनही ठेवलं. गाडी खाली बसवलेली असली की चालवणाऱ्याच्या वजनाने उजवी बाजू आणखी बसते, आकडे हलतात. म्हणून चालवणाऱ्याच्या वजनाइतक्या वाळूच्या पिशव्या त्याच्या जागी ठेवून मगच मोजायचं, ही माझी पद्धत. इतर दुकानांत कुणी करत नाही. पण चिमीचं वजन आता किती? हिला विचारलं. ही म्हणाली, "उतरलंय खूप. पन्नासच्या आत असेल."

लग्नात साठ होती. दोनदा पिशव्या भरल्या आणि दोनदा उपसल्या. अठ्ठेचाळीस किलो वाळू सीटवर ठेवली, पट्टा लावला. का लावला, माहीत नाही.

रस्त्यावर नेली. सरळ चालवताना ओढ कमी झाली. ब्रेक दाबला आणि गाडीने डावीकडे उडीच मारली. चिमी असती तर? एक हात धड नाही, स्टिअरिंग सावरणार कशाने?

बोल्ट काढून टाकले. पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

भीती वाटतेय. गाडीची नाही. तेवीस तारखेची.

१४ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी गिऱ्हाईक आलं होतं, तरणा माणूस, स्प्रिंगा बदलायच्या म्हणाला. सवयीने बोट वर गेलं. हे बघा, असं होतं. टायरवाला तिथेच उभा होता. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाला, "अरे, तू या टायरचं प्रदर्शन मांडलंयस, पण याचा जोडीदार कधी पाहिलास का?"

कसला जोडीदार?

"डावं. त्याच गाडीचं, त्याच दिवसाचं. बॉडीवाल्याकडून मी उचललं होतं. मागे पडलंय."

त्याच्या दुकानामागे टायरांच्या ढिगात गेलो. तिसऱ्या थरात होतं. बाहेर काढलं, पुसलं, आतल्या कडेवर हात फिरवला. मग बाहेरच्या कडेवर. मग पुन्हा आतल्या.

सारखं झिजलेलं. निम्मं आयुष्य शिल्लक. आतल्या कडेला नक्षी शाबूत.

टायरवाला म्हणाला, "दोन्ही बाजूंनी सारखीच खाली बसवलेली गाडी, मग खाल्लं एकच का?"

घरी आलो.

टायरं अपघाताच्या आधीची. झीजही आधीचीच. म्हणजे एक अंशाचा फरक अपघातात आलेला नाही. आधीपासून होता. वर्षभर तरी होता.

१५ फेब्रुवारी, रविवार

दुकान बंद. दिवसभर घरात येरझाऱ्या. ही म्हणाली, "बसा तरी, फरशी झिजेल."

एका बाजूचा कॅम्बर कमी आणि तेवढाच दुसऱ्या बाजूचा जास्त. बेरीज केली तर दोन पूर्णांक सहा. निम्मे केले तर एक पूर्णांक तीन. दोन इंच खाली बसवलेल्या गाडीला दोन्हीकडे बरोब्बर एवढाच हवा. म्हणजे चाकं वाकडी नाहीत, हात वाकडे नाहीत. दोन्ही चाकं ज्या फ्रेमला धरलेली आहेत ती इंजिनाखालची आडवी फ्रेमच उजवीकडे सरकलीये. अख्खीच्या अख्खी. हे मला मंगळवारीच दिसायला हवं होतं. शिकाऊ माणसालाही दिसलं असतं.

ती फ्रेम आपोआप सरकत नाही. तिचे चार बोल्ट कुणीतरी सोडायला लागतात.

रॅक बदलायची असेल तर ते सोडायलाच लागतात.

नाही. उद्या आधी बघतो. उगाच तर्क नकोत.

१६ फेब्रुवारी, सोमवार

फ्रेम सोडायच्या आधी मी बोल्टच्या वॉशरभोवती पांढऱ्या रंगाची रेघ ओढतो. परत बसवताना वॉशर त्या रेघेत बसवायचा, की फ्रेम होती तिथेच आली. चिमी लहान होती तेव्हा शाळेतून दुकानात यायची, ब्रश तिच्या हातात द्यायचो. जीभ बाहेर काढून रेघ ओढायची.

गाडी उचलली. खाली गेलो. चिखल आणि तेल खरवडलं, कापडाला रॉकेल लावून पुसलं.

रेघ आहे. माझीच. एका वॉशरची नाही, चारही. आणि चारही वॉशर रेघेच्या उजवीकडे, पाच मिलिमीटर. करंगळीच्या नखाएवढं अंतर. रेघेच्या आतला पांढरा रंग अजून चकचकीत. वॉशर परत रेघेत गेलाच नाही, म्हणून तो दाबला गेला नाही.

अपघातात सरकली असेल असं अर्धा तास स्वतःला समजावलं. सरकली असती तर वॉशरखालच्या पत्र्यावर ओरखडा दिसला असता. ओरखडा नाही. बोल्ट तिथेच घट्ट केलेले आहेत. माझ्या पान्याने, माझ्या हाताने.

खालीच बसून राहिलो. टायरवाल्याने दोनदा हाक मारली, काम चालू आहे म्हटलं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

मशीन सगळं जपून ठेवतं. मीच गिऱ्हाइकांना ऐटीत सांगतो: दहा वर्षांपूर्वीची गाडी आणा, आकडे काढून देतो. आज गाडीचा नंबर टाकला.

पावणेदोन वर्षांपूर्वीची नोंद. काम: रॅक बदलली, अलाइनमेंट केलं. शेवटचे आकडे: डावीकडे उणे शून्य पूर्णांक आठ. उजवीकडे उणे एक पूर्णांक आठ. दोन्ही लाल. खाली शेऱ्यात मी लिहिलंय, "गाडी लोअर केलेली. आकडे असेच येणार."

असेच येणार!

आठवलं सगळं. तेव्हा गाडी नुकतीच खाली बसवली होती त्याने. मला विचारलं नाही म्हणून माझं डोकं फिरलेलं. फ्रेम बसवताना मी त्याला उपदेश पाजत होतो, हे स्वच्छ आठवतं: टायरं खाल्ली जातील, गतिरोधकावर पोट घासेल, माझ्या मुलीला घेऊन फिरता. तो समोर उभा राहून हो हो करत होता. बोलता बोलता चारही बोल्ट घट्ट केले. रेघ बघितलीच नाही. पडद्यावर लाल दिसलं, तर तो लाल रंगही मी त्याच्याच नावावर टाकला. दुसरी कुठलीही गाडी असती तर थांबलो असतो. दोन बाजूंत एक अंश म्हणजे काय गंमत आहे? पण खाली बसवलेली गाडी लालच दाखवते ना! शेंबडं पोरही सांगेल.

अजून एक आठवलं. ते लिहिल्याशिवाय आज झोप लागणार नाही. त्यानंतर महिन्याभराने त्याचा फोन आला होता. "बाबा, गाडी थोडी डावीकडे जाते असं वाटतं." मी म्हटलं होतं, "खाली बसवलीत ना? मग भोगा आता." आणि फोन ठेवला होता. त्याने परत कधी विचारलं नाही. कोण विचारील?

वर्षभर उजवं चाक आतल्या कडेवर चालत राहिलं. मग तारा निघाल्या. मग फुटलं. स्टिअरिंगवर माझी पोर होती.

तू माझ्या पोरीला मारायला निघाला होतास, हे मी त्याला म्हटलं. पायऱ्यांवर. लोकांसमोर.

१८ फेब्रुवारी, बुधवार

दुकान उघडलं नाही. अंग दुखतं म्हणून सांगितलं. हिने कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी आधी शिडी लावून ते टायर खाली काढलं. टायरवाल्याने बघितलं. तीस वर्षांत तो पहिल्यांदाच गप्प बसला असेल. मी म्हटलं, "दोन्ही टायरं एकत्र ठेव." तो म्हणाला, "बरं." दोन्ही हातांत धरून घेऊन गेला.

मग कामाला लागलो. इंजिनाला आधार दिला, चारही बोल्ट सैल केले. पहार लावून फ्रेम डावीकडे सरकवली. एक मिलिमीटर, दोन, अडीच, पाच. हाताला घाम इतका की पहार सुटत होती. चारही वॉशर रेघेत आले. आरशाने पाहिले, विजेरी लावून पाहिले, बोटाने चाचपले. मग घट्ट केले, मोजून, ठरलेल्या जोराने, एकही शब्द न बोलता.

अठ्ठेचाळीस किलो वाळू सीटवर. सेन्सर लावले.

डावीकडे उणे एक पूर्णांक तीन. उजवीकडे उणे एक पूर्णांक तीन.

अजूनही लालच! पण दोन्हीकडे सारखं लाल. आधी कॅम्बर नीट, मग चाकांची तोंडं सरळ केली. क्रम चुकला तर सगळं मुसळ केरात. मग पुन्हा मोजलं. रॅम्पवरून उतरवून, थोडी फिरवून, स्प्रिंगा बसू देऊन तिसऱ्यांदा मोजलं. आकडा हलला नाही.

गोदामामागच्या रस्त्यावर नेली. साठला हात सोडला. पाच झाले, दहा झाले, पंधरा झाले. ब्रेक दाबला, जागेवर थांबली. रस्त्याच्या कडेला घेतली आणि रडलो. साठीला आलेला माणूस गाडीत वाळूच्या पिशव्यांशेजारी रडतोय, कुणी पाहिलं असतं तर वेड्यातच काढलं असतं.

वाटलं होतं, सरळ झाली की मोकळं वाटेल. उलटंच झालं. इतके दिवस निदान गाडीचा दोष शोधायचा होता.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

हिला सांगितलं. जेवणं झाल्यावर, ताटं उचलायच्या आधी. रेघ, वॉशर, पाच मिलिमीटर, तो फोन, सगळं. मला वाटलं ओरडेल. ताटातला हात तसाच ठेवून ऐकत राहिली, हात वाळला तरी.

मग म्हणाली, "आणि त्या बिचाऱ्याला काय काय बोललात. उचलली जीभ लावली टाळ्याला."

मी म्हटलं, उद्या दोघं येणार आहेत गाडी न्यायला. दोघांनाही सांगतो.

ही एकदम बदलली. "चिमीला नको."

का नको?

"आठ महिन्यांनी पोर दारात येतेय. आल्याआल्या सांगणार, तुझा हात मी मोडला म्हणून? मग ती परत येईल? सांगून तिचा खांदा वर जाणार आहे का? गाडी केलीत ना सरळ? मग झालं." डोळ्यांत पाणी होतं. "त्याची क्षमा मागा पाहिजे तर. पाया पडा. पण तिला नको."

तिचंही खोटं नाही. तिने आठ महिने एकटीने फोनवर लेक सांभाळलीये.

पण मी सांगणार. त्याच्या माथी आठ महिने माझी चूक आहे. नवऱ्याच्या हौसेने हात मोडला असंच चिमी समजत असेल. त्या दोघांच्या घरात हे कसं राहत असेल, याचा मी कधी विचार केला नाही. नोंद छापून घेतलीये, पावणेदोन वर्षांपूर्वीची आणि कालची. दोन्ही कागद तिच्या हातात देईन. वाक्यही ठरवलंय: चिमे, गाडी खाली बसवल्यामुळे टायर फुटलं नाही, माझ्यामुळे फुटलं. एवढंच. त्याच्या पुढे काही नाही, सबब नाही.

आंघोळीच्या वेळी मोठ्याने म्हणून पाहिलं. जमलं. बाहेरून ही म्हणाली, "कुणाशी बोलताय?"

कागद सदऱ्याच्या खिशात घालून ठेवलेत.

२१ फेब्रुवारी, शनिवार

आली. बारीक झालीये. डाव्या हाताने दार उघडलं. माझ्याकडे बघून हसली, आठ महिन्यांनी. जावई बाहेर गाडीपाशीच थांबले. ती एकटी आत आली आणि तिने विचारलं, "काय सापडलं, बाबा?"

हात खिशाकडे गेला होता. मी म्हटलं, "अपघातात खालची फ्रेम सरकली होती. बसवली."

तिचं हसू कधी गेलं ते कळलं नाही. मग हळू म्हणाली, "बाबा, बॉडीवाल्याने गाडी उचलली होती तेव्हा मी खाली उभी होते. हाताला प्लास्टर होतं. तुमची रेघ मला ओळखू येणार नाही का? तो तेव्हाच सरकवून देत होता. मीच नको म्हटलं. यांनाही शपथ घातली, बाबांना बोलायचं नाही. म्हटलं, त्यांना स्वतःला सापडू दे. सापडल्यावर ते मला सांगतील." मग म्हणाली, "म्हणून येत नव्हते. आले असते तर मीच बोलून गेले असते."

मी कागद काढले. तिने घेतले नाहीत. माझ्या हातातली किल्ली मात्र घेतली.

जावई म्हणाले, "येतो, बाबा." ती काही म्हणाली नाही.